लघवीचा त्रास, प्रोस्टेट आणि युरॉलॉजिस्टची भेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरॉलॉजीच्या, म्हणजे लघवीच्या आजारांच्या, ओपीडीत नाव नोंदवायला आलेले पुरुष टेबलाशी वाकून, आवाज खाली आणून बोलतात. कित्येकजण "जरा खालचा त्रास आहे" एवढंच सांगून गप्प होतात. त्यांच्याकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून वर्षानुवर्षं जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणतं औषध घ्यायचं ते मात्र तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवायचं.

रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे. वयाप्रमाणे हे होतंच ना?

होतं, पण म्हणून सोसत बसायचं नसतं. प्रोस्टेट ही पुरुषांतली ग्रंथी लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांत. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण नळीवर दाब आला की लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार मधेच तुटते, शेवटी थेंब थेंब होत राहतं आणि लघवी करून आल्यावरही पिशवी रिकामी झाल्यासारखं वाटत नाही.

या काळात पिशवीला रोज जास्त जोर लावावा लागतो. तिचा स्नायू आधी जाड होतो आणि पुढे थकतो. थकलेली पिशवी ऑपरेशननंतरही कधीकधी पूर्ववत होत नाही. लघवी आत साचून राहिली तर इन्फेक्शन, पिशवीत खडे आणि किडनीवर ताण, असं एकातून एक वाढत जातं. लवकर आलेल्या माणसाचं बहुधा गोळ्यांवर भागतं. लघवी तुंबून, ती काढायची नळी (कॅथेटर) घालून घेऊन आलेल्यापुढे पर्याय कमी उरतात. त्रास वाढायची वाट पाहू नका, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच.

सोनोग्राफीत "ग्रेड टू प्रोस्टेट" लिहून आलंय. ऑपरेशन करावंच लागेल?

ग्रेड आकाराची आहे, त्रासाची नाही. ६० ग्रॅमची ग्रंथी घेऊन निवांत जगणारे लोक असतात आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीने हैराण झालेलेही असतात. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, त्यात प्रोस्टेट वाढलेली दिसली, पण लघवीची काही तक्रार नाही आणि किडन्या ठीक आहेत, तर त्या एका ओळीसाठी कोणी ऑपरेशन सांगत असेल तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आधी फॅमिली डॉक्टर, की थेट युरॉलॉजिस्ट?

साधी जळजळ, पहिल्यांदाच झालेलं इन्फेक्शन, चार दिवसांपासून जास्त वेळा जावं लागणं, एवढ्यासाठी फॅमिली डॉक्टर पुरेत. तुमचा मधुमेह, बीपी, चालू गोळ्या त्यांना ठाऊक असतात आणि पुष्कळदा कारण तिथेच सापडतं. साखर वाढली की लघवी वाढते. बीपीसाठी किंवा पायांच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली की रात्रभर फेऱ्या होतात.

इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होत असेल, पुरुषाला ताप येऊन इन्फेक्शन झालं असेल, गोळ्या घेऊनही धार सुधारत नसेल, मूतखडा अडकला असेल किंवा लघवीतून रक्त गेलं असेल, तर थेट युरॉलॉजिस्ट.

कोणत्या वेळी अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही?

लघवी पूर्ण बंद झाली आहे, ओटीपोट फुगून दुखतंय, तर जवळच्या कोणत्याही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. त्या क्षणी युरॉलॉजिस्टच हवा असं नाही. नळी घालून पिशवी मोकळी करणं तिथल्या डॉक्टरांना येतं. "भरपूर पाणी प्या, होईल" असा सल्ला घरात हमखास मिळतो. तो ऐकू नका, भरलेल्या पिशवीत भरच पडते. लघवी अशी अचानक तुंबण्यामागे पुष्कळदा सर्दीची गोळी असते. नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी सर्दीची औषधं प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवू शकतात. बद्धकोष्ठता आणि दारू यांनीही तसं होतं. मेडिकलमधून सर्दीची गोळी घेताना प्रोस्टेटचा त्रास आहे हे सांगायची सवय ठेवा.

मूतखडा असताना थंडी वाजून ताप आला, तर तीही तातडीची बाब. अडलेल्या किडनीत पू होणं जिवावर बेतू शकतं. तो ताप पॅरासिटॅमॉलने दाबून सकाळची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट आईवडिलांसाठी. वयात येणारा मुलगा अचानक अंडकोष दुखतोय म्हणाला, किंवा लाजून नुसतं "पोटात दुखतंय" म्हणाला आणि उलटी झाली, तर लगेच दाखवा. अंडकोषाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. उशीर झाला तर तो काढावा लागू शकतो.

लघवीतून एकदाच लाल गेलं, दुखलं नाही, मग आपोआप थांबलं. तरीही दाखवायचं?

हो, नक्की दाखवायचं. न दुखता गेलेलं रक्त हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. ते एकदा दिसून महिनोन्महिने थांबतं आणि तेवढ्यात माणूस विसरून जातो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका अधिक. बीट खाल्ल्याने किंवा टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीने लघवी लाल-नारिंगी होते हे खरं, पण ते ठरवायला लघवीची साधी तपासणी पुरते. रक्त असल्याचं दिसलं तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीने पिशवी आतून पाहणं, हे टाळू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे म्हणून रक्त आलं असेल, असं मनाशी ठरवून गप्प बसणंही बरोबर नाही.

युरॉलॉजिस्ट आणि नेफ्रॉलॉजिस्ट एकच का?

नाही. किडनीचं काम मंदावणं, क्रिएटिनिन वाढणं, डायलिसिस हे नेफ्रॉलॉजिस्टचं क्षेत्र. खडे, प्रोस्टेट, लघवीच्या मार्गातले अडथळे, गाठी, अंडकोष आणि पुरुषांचं वंध्यत्व हे युरॉलॉजिस्टचं. युरॉलॉजिस्ट सर्जन असतो, पण त्याच्याकडे जाणारे पुष्कळ लोक ऑपरेशनशिवाय परत येतात.

डॉक्टर खरंच युरॉलॉजिस्ट आहेत हे कसं ओळखायचं?

पदवी वाचा. एमबीबीएस, मग एमएस सर्जरी, आणि त्यानंतर तीन वर्षांचं एमसीएच युरॉलॉजी किंवा डीएनबी युरॉलॉजी. हल्लीच्या पाट्यांवर डीआरएनबी असंही दिसतं, तेही चालतं. पाटीवर नुसतं "मूतखडा व प्रोस्टेट तज्ज्ञ" लिहिलं असेल आणि खाली ही पदवी नसेल, तर विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि नॅशनल मेडिकल कमिशन या दोघांच्या वेबसाइटवर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येतं. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो. अनुभवी जनरल सर्जनही लघवीच्या मार्गाची काही ऑपरेशनं चांगली करतात, पण प्रोस्टेटचं लेसर किंवा अवघड खडा असेल तर त्या कामाचा माणूस गाठावा.

इंटरनेटवर डॉक्टरांना दिलेल्या स्टारवर मी फार विश्वास ठेवत नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना एकच विचारा: "तुमच्या घरच्या माणसाला कोणाकडे पाठवाल?"

बायकांनीही युरॉलॉजिस्टकडे जायचं?

अर्थात. वर्षातून तीनदा किंवा अधिक वेळा इन्फेक्शन होणं, शिंकताना-खोकताना लघवी सुटणं, घाईची लागून बाथरूमपर्यंत पोहोचेस्तोवर कपडे ओले होणं, मूतखडा, हे सगळं युरॉलॉजिस्ट बघतात. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यानंतर लघवी सुटण्याचा त्रास फार बायकांना असतो. त्या लग्नाला जाणं सोडतात, एसटीचा लांबचा प्रवास सोडतात, आणि कारण घरात कोणाला सांगत नाहीत. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून दोन-तीन महिने नेटाने केले तर बऱ्याचजणींना फरक पडतो. ते जमलं नाही तर औषधं आहेत, छोटं ऑपरेशन आहे.

बाजारात, शेतात, शाळेत स्वच्छ संडास नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणं हेही इन्फेक्शनचं एक मोठं कारण आहे. यात दोष त्या बाईचा नाही. सोय करणं ज्यांच्या हातात आहे त्यांनी ती केली पाहिजे.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि लघवीची वही.

ही वही कोणी करत नाही, पण तिच्याइतका स्वस्त आणि कामाचा रिपोर्ट दुसरा नाही. मेडिकलमधून मिलीच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं आणा. तीन दिवस, प्रत्येक वेळी लघवी त्यात करून वेळ आणि माप लिहा. काय प्यायलात तेही. पान असं दिसेल: सकाळी ६, ३०० मिली. ७, चहा एक कप. ९, १५० मिली, घाई झाली. रात्री ११ ला झोपलो. १ वाजता ३५० मिली. ३ वाजता ४०० मिली. पहाटे ५, ३५० मिली.

आता हे पान डॉक्टर कसं वाचतात पाहा. हा माणूस रात्री तीनदा उठतो, पण दर वेळी भरपूर लघवी होते. म्हणजे पिशवी व्यवस्थित साठवतेय आणि रिकामीही होतेय. शरीर रात्री लघवी जास्त बनवतंय. वयस्कर माणसाची चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक रात्री होत असेल, तर कारण पायांची सूज, हृदय, साखर, झोपेत श्वास अडकणं, किंवा जेवणानंतरचं दोन तांबे पाणी यांत शोधावं लागतं. प्रोस्टेटच्या गोळ्या वर्षभर खाऊन त्याला गुण येणार नाही. दुसऱ्या कोणाच्या वहीत दर वेळी ६० नि ८० मिली दिसलं, तर रोख पुन्हा पिशवी आणि प्रोस्टेटकडे वळतो.

बहुतेक ठिकाणी एक प्रश्नावलीही भरून घेतात. त्रासाचे सात प्रश्न, प्रत्येकी पाचपर्यंत गुण. एकूण ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. शेवटी आठवा प्रश्न असतो: आयुष्यभर असंच राहिलं तर कसं वाटेल? त्याचं उत्तर मोकळेपणाने द्या, उपचार ठरवताना त्याला मोठं वजन असतं.

तपासणीत काय काय होतं?

पोट तपासतात, मग गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतात. सर्वांत जास्त भीती याचीच असते. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, डॉक्टर हातमोजा घालून जेली लावतात आणि अर्ध्या मिनिटात तपासणी संपते. अवघडल्यासारखं होतं, पण दुखत फारसं नाही. ग्रंथी मऊ आहे की कुठे दगडासारखी टणक गाठ लागते, हे त्यातून कळतं. नको असेल तर तसं स्पष्ट सांगता येतं. निव्वळ लाजेपोटी टाळू नका, इतकंच म्हणेन.

धारेची तपासणी म्हणजे युरोफ्लो. यंत्र जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची आणि कागदावर आलेख उमटतो. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग चांगला, १० च्या खाली गेला तर अडथळ्याची शंका येते. मात्र किमान १५० मिली लघवी झाली तरच आलेखाला अर्थ. बाहेर दहा माणसं रांगेत आहेत, टेक्निशियन दाराशी उभा आहे, अशा वेळी अनेकांची धार येतच नाही. "मला पाच मिनिटं एकटं सोडा" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्यानंतर सोनोग्राफीत पिशवीत किती लघवी उरली ते मोजतात. इथे एक गफलत नेहमी होते. पाणी पाजून पाजून पिशवी इतकी ताणतात की उठल्यावर ती नीट रिकामी होत नाही आणि रिपोर्टमध्ये उरलेली लघवी जास्त येते. लघवी सहन होईना तेव्हा आवाज द्या, ताटकळत बसू नका. आकडा फार मोठा आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या.

लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी, द्यायचं असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी द्या. पहिली धार सोडून मधली लघवी घ्यायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

पीएसए वाढलाय. कॅन्सर आहे का?

एका आकड्यावरून कोणीच सांगू शकत नाही. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. साधारणपणे ४ ही सीमा धरतात, पण ग्रंथी मोठी असली, इन्फेक्शन झालं, नळी घातली तरी तो वाढतो. इन्फेक्शननंतर सहा आठवडे थांबून पुन्हा तपासावा. रक्त देण्याआधी दोन दिवस संबंध आणि सायकल टाळावी. पुन्हाही जास्त आला, किंवा बोटाच्या तपासणीत गाठ लागली, तर एमआरआय आणि गरज असल्यास बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिने घेतली की पीएसए निम्म्यावर येतो. रिपोर्टमध्ये ३ दिसला तरी तो ६ सारखा वाचायचा असतो. नव्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही, तर वाढलेला पीएसए नॉर्मल समजला जाऊ शकतो.

वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर धोका सुमारे दुप्पट असतो. अशांनी पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. प्रोस्टेटचे पुष्कळ कॅन्सर सावकाश वाढतात आणि काहींना लगेच उपचारही लागत नाहीत, नुसतं ठरावीक काळाने तपासत राहतात. त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन त्याच दिवशी ऑपरेशनची तारीख ठरवायची घाई नसते.

गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का? त्यांचा काही त्रास?

टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या गोळ्या पिशवीच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत जाणवतो. उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर थोडं बसावं. वीर्य बाहेर न येता पिशवीत जाणं हाही या गोळ्यांचा परिणाम. तो धोक्याचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी सांगायलाच हवी, कारण ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडतं.

फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्या ग्रंथीच लहान करतात, पण सहा महिने धीर धरावा लागतो. काहींची इच्छा मंदावते, ताठरता कमी होते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, न विचारता बंद करू नका. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

गोळ्या चालू आहेत तोवर गुण असतो. म्हणून बहुतेकांना त्या लांबवर घ्याव्या लागतात.

मग ऑपरेशन कधी?

लघवी वारंवार तुंबणं, नळी काढल्यावर पुन्हा बंद होणं, पिशवीत खडे, पुन्हा पुन्हा रक्त किंवा इन्फेक्शन, किडनीवर परिणाम, किंवा गोळ्या घेऊनही जगणं अवघड झालेलं. दुर्बिणीतून ग्रंथी आतून खरवडून काढायची जुनी पद्धत, टीयूआरपी, आजही भरवशाची आहे. मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेसर चांगलं पडतं, रक्तस्राव कमी होतो. लेसर म्हटलं की ते टीयूआरपीपेक्षा श्रेष्ठच, असं नाही. ज्या डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती पद्धत पुष्कळदा बरी.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. हृदयात स्टेंट असताना ती स्वतःच्या मनाने थांबवणं फार धोक्याचं.

संबंधांविषयी पुरुष विचारत नाहीत, म्हणून लिहिते: या ऑपरेशननंतर बहुतेकांची ताठरता पूर्वीसारखीच राहते. वीर्य मात्र बऱ्याचजणांत बाहेर येत नाही. मूल हवं असेल तर हे ऑपरेशनआधी बोललंच पाहिजे.

मूतखड्यासाठी बीअर, काढा, पावडर?

५ मिलीमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपणहून पडतात आणि श्रेय त्या आठवड्यात जे प्यायलं त्याला मिळतं. बीअरने लघवी वाढते, खडा विरघळत नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी आणि मीठ कमी, हे खरं काम करतं. मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्यात शेतावर असलेल्या माणसाला त्यासाठी साडेतीन-चार लिटरही प्यावं लागतं.

खड्याचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड उघडा आणि "डीजे स्टेंट" हे शब्द शोधा. किडनीपासून पिशवीपर्यंत ठेवलेली ती बारीक नळी ठरलेल्या तारखेला, बहुधा काही आठवड्यांत, काढावीच लागते. त्रास थांबला म्हणून लोक विसरतात. वर्षभराने त्या नळीवरच खडे चढतात, मग मूळ ऑपरेशनपेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. काढायची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

खर्च झेपणारा नाही. कुठे जायचं?

मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजे, नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, इथे युरॉलॉजीचे स्वतंत्र विभाग आहेत. कॅन्सरसाठी परळचं टाटा मेमोरियल. गुजरातेतलं नडियादचं मुळजीभाई पटेल हॉस्पिटल तर किडनी आणि लघवीच्या आजारांसाठीच आहे. गर्दी असते. ओपीडीचे दिवस आधी विचारून पहाटे पोहोचा आणि पहिल्या फेरीत फक्त तपासण्या लिहून मिळतील अशी तयारी ठेवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लघवीच्या मार्गाची बरीच ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये रुग्णांच्या मदतीसाठी आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करून जवळचं हॉस्पिटल विचारा. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यावी लागते. पैसे भरून झाल्यावर बिल घेऊन गेलात तर उपयोग होत नाही.

वडील डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत.

त्यांच्याशी चारचौघांत बोलू नका, सुनेसमोर तर नाहीच. मुलाने किंवा त्यांच्या एखाद्या मित्राने बोललेलं जास्त चालतं, विशेषतः त्या मित्राने स्वतः उपचार घेतले असतील तर. "प्रोस्टेट दाखवू" म्हणण्यापेक्षा "रात्रीची झोप होत नाही, ते दाखवू" म्हणा, कारण तेही खरंच आहे. तपासणीच्या खोलीत त्यांना थोडा वेळ डॉक्टरांसोबत एकटं सोडा. मुलांसमोर न निघणाऱ्या गोष्टी तिथे निघतात.

दुसरं मत घेतलं तर डॉक्टर दुखावतील का?

चांगले डॉक्टर दुखावत नाहीत. रिपोर्टच्या आणि स्कॅनच्या प्रती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्यांचं मत लपवू नका, पण आधी त्यांना स्वतंत्रपणे तपासू द्या. लघवी तुंबलेली असताना किंवा तापाने फणफणलेल्या माणसाला घेऊन मात्र हॉस्पिटलं बदलत फिरू नका. आधी अडथळा मोकळा करून घ्या. दुसरं मत दोन दिवसांनीही मिळतं.